जुन्या गाडीची पूर्ण कुंडली खरेदीदाराला द्या

पन्नास लाखांची जर्मन सेडान दहा-बारा वर्षांनी आठ-नऊ लाखांत मिळते, म्हणून नोकरदार पोरं ती हौसेनं घेतात आणि मग माझ्या गॅरेजात येतात. गाडी एका बाजूला बसलेली असते. एअर सस्पेन्शनच्या रबरी फुग्याला चीर पडलेली, गळती भरून काढता काढता कॉम्प्रेसर जळालेला. गाडी स्वस्त झाली तरी सुटे भाग नव्या गाडीच्याच भावाचे! विकणाऱ्यानं फक्त पॉलिश मारलेलं असतं. मला याचा संताप येतो.

‘मालकानं नीट वापरली नसेल’ हे उत्तर मला पटत नाही. दोष कंपनीचाही असू शकतो. इलेक्ट्रॉनिक ब्रेक यंत्रणेतल्या दोषामुळे मर्सिडीजला २००४ मध्ये जगभरातून सुमारे ६,८०,००० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या होत्या. अशी दुरुस्ती आपल्या गाडीवर झाली का, हे दुसऱ्या मालकाला कोण सांगणार?

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना आरटीओचं अधिकारपत्र लागतं. त्याच नियमांत सर्व्हिसची पूर्ण नोंद आणि गाडीतले बिघाड दाखवणाऱ्या स्कॅनरचा अहवाल देण्याची सक्ती करा. ओडोमीटर मागे फिरवणाऱ्याचं अधिकारपत्र रद्द करा.