बोल्ट अडतो तो आधीच्या हातामुळे

रविवारी सकाळी घरासमोर गाडी उभी करून स्वतः ऑइल बदलणारे, ब्रेक पॅड उघडून पाहणारे लोक आता नांदेडच्या सिडकोत आणि लातूरच्या औसा रोडलाही भेटतात. मोबाइलवर व्हिडिओ बघून काम सुरू होतं आणि पुष्कळदा एकाच जागी अडतं. पाना लावला, जोर दिला, पाना सटकला आणि बोल्टच्या डोक्याचे कोपरे गोल झाले. अर्ध्या तासाचं काम दिवसभर पुरतं आणि घरचे म्हणतात, 'कशाला हात लावला?' हा प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला जातो. बोल्ट आज सटकला असला, तरी तो बिघडला होता मागच्या वेळी आवळताना.

गंजाचा वाटा नाकारायचं कारण नाही. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि आट्यांच्या फटीत फुगून बसतो. पण रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेतल्या गाडीची गोष्ट वेगळी. मराठवाड्यात वर्षातले कितीतरी महिने हवा कोरडी असते. इथल्या बोल्टाचे खरे वैरी दोन: हवेची गन आणि चुकीचा पाना.

लहान मोटारींच्या चाकांचे नट साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर इतकेच आवळायचे असतात. आकडा गाडीगणिक बदलतो आणि तो पाळायलाच हवा. १०० न्यूटन-मीटर म्हणजे फूटभर लांब पान्याच्या टोकाला सुमारे ३३ किलोचा जोर. टायरच्या दुकानातली गन डोळ्याची पापणी लवायच्या आत याच्या कितीतरी पुढे जाऊ शकते. आवळलेला बोल्ट आतून किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळेच पकड धरतो. मर्यादेपलीकडे ताणला की तो मूळ लांबीवर येत नाही, आटे दबतात. ऑइल चेंबरच्या ड्रेन बोल्टाला तर अनेक गाड्यांत ३० ते ४० न्यूटन-मीटर पुरतात. चेंबर अ‍ॅल्युमिनियमचं असेल, तर जादा जोराने बोल्ट शाबूत राहतो आणि चेंबरचेच आटे निघून येतात.

दुसरा वैरी घरातल्या पान्यांच्या पेटीतच असतो. ८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टचं डोकं जपानी पद्धतीच्या गाड्यांत बहुधा १२ नंबरचं, तर युरोपीय पद्धतीच्या गाड्यांत १३ चं असतं. आपल्या रस्त्यांवर दोन्ही घराण्यांच्या गाड्या आहेत. बाराच्या डोक्यावर तेराचा पाना बसतो, थोडा हलतो, पण 'चालतंय' म्हणून जोर लावला जातो. कोपरे तिथेच जातात. बारा कोनांची रिंगही डोक्याला कोपऱ्यांवरच धरते. सहा कोनांची गोटी सपाट बाजूंवर बसते, म्हणून घट्ट बोल्टाला तीच हवी.

तरीही बोल्ट सटकलाच, तर पहिल्याच सटकीला थांबायचं. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, आणि नेमकी ती पाळली जात नाही. आट्यांभोवतीची माती ब्रशने काढावी, गंज सोडवणारं तेल मारावं आणि निदान काही तास, जमलं तर रात्रभर, तसंच ठेवावं. मग डोक्यावर सरळ रेषेत हातोडीचे हलके ठोके द्यावेत, म्हणजे गंजाचा थर तडकतो आणि तेल आत उतरतं. एक नंबर लहान सहाकोनी गोटी ठोकून बसवता येते. जागा असेल तर कानसीने दोन समोरासमोरच्या बाजू सपाट करून व्हाइस ग्रिप लावता येते. बोल्ट जरा हलला की एकदम ओढू नये. थोडा सोडायचा, थोडा परत आवळायचा, असं करत बाहेर आणायचा. डोकंच तुटलं, तर मधोमध पंच मारून भोक पाडायचं आणि उलट्या आट्यांचा इझी-आउट वापरायचा. मात्र इझी-आउट कडक पोलादाचा असतो. तो आत तुटला तर साधं ड्रिल त्याला कापत नाही आणि दुखणं दुप्पट होतं.

या टप्प्यावर काम लेथवाल्याकडे किंवा वेल्डिंगवाल्याकडे द्यावं. तुटक्या बोल्टावर नट ठेवून वेल्ड मारायचा आणि त्या उष्णतेने सैल झालेला बोल्ट पान्याने काढायचा, ही कारागिरी आपल्या औद्योगिक वसाहतींतली माणसं सफाईने करतात. घरी, पेट्रोलच्या पाइपाजवळ, गॅसची ज्योत घेऊन बसणं म्हणजे जिवाशी खेळ.

पण उपाय पान्याच्या पेटीपुरता ठेवला तर प्रश्न सुटत नाही. कुठला बोल्ट किती आवळायचा हे कंपनीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं, आणि गल्लीतल्या गॅरेजपर्यंत ते क्वचित पोचतं. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना मोकळी न दिल्याबद्दल. प्रकरण पुढे अपिलात गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. दिशा बरोबर आहे, पण पोर्टलवर मॅन्युअल आणि वॉरंटीचे दुवे दिसले म्हणजे लोह्याच्या किंवा उदगीरच्या मेकॅनिकच्या हातात आकडा आला असं होत नाही. प्रत्येक मॉडेलचे आवळण्याचे आकडे एका पानावर, मराठीत, फुकट मिळायला हवेत.

आकडा पाळून आवळायची रीत आपल्याकडे अनोळखी नाही. लातूरजवळ हरंगुळला रेल्वे डब्यांच्या कारखान्याची पायाभरणी २०१८ मध्ये झाली. रेल्वेच्या कामात बोल्ट ठरलेल्या जोराने आवळून त्यावर रंगाची रेघ ओढतात. बोल्ट पुढे ढिला झाला तर रेघ तुटलेली दिसते. आयटीआयच्या मोटर मेकॅनिकच्या दोन वर्षांच्या ट्रेडमध्येही टॉर्क रेंच, म्हणजे जोर मोजून आवळायचा पाना, हाताळायला शिकवतात. म्हणजे विद्या जिल्ह्यात आहे, ती टायरच्या दुकानात उतरलेली नाही. ती उतरेल गिऱ्हाइकाने मागितली तर. 'दादा, गनने नुसतं टेकवा, शेवटचं आवळणं टॉर्क रेंचने करा' एवढं म्हणायला संकोच कशाचा? आणि नांदेडला चाकं काढून बसवून लातूरला निघालेल्या माणसाने अहमदपूरला चहाला थांबावं, चाकं गार होऊ द्यावीत आणि सगळे नट त्याच आकड्यावर एकदा पुन्हा तपासून घ्यावेत.