शर्यतीआधीचा पट्टा

दंडाच्या किंवा मांडीच्या वरच्या टोकाला पट्टा आवळून व्यायाम करण्याच्या पद्धतीला ब्लड फ्लो रिस्ट्रिक्शन, थोडक्यात बीएफआर, म्हणतात. धमनीतून आत येणारे रक्त कमी व्हावे पण थांबू नये, शिरांवाटे परतणारे रक्त मात्र बरेचसे अडून राहावे, इतपतच पट्टा आवळायचा असतो. पुनर्वसन केंद्रांत आणि व्यायामशाळांत रुळलेला हा पट्टा आता स्पर्धेआधीच्या वॉर्म-अपमध्येही दिसतो. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल अँड्र्यू असे पट्टे बांधून तयारी करताना दिसला आणि त्याची बरीच चर्चा झाली. त्या स्पर्धेत १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये तो चौथा आला, मेडले रिलेत त्याच्या संघाने विश्वविक्रमासह सुवर्णपदक मिळवले. यात पट्ट्याचा वाटा किती, हे एका खेळाडूच्या निकालावरून ठरत नाही. तरीही अशाच दृश्यांवरून ही पद्धत पसरते, म्हणून ती नीट तपासायला हवी.

पद्धतीचा उगम जपानमधला. १९६६ मध्ये एका बौद्ध धर्मविधीत योशिआकी सातो बराच वेळ गुडघे मुडपून बसले होते. पोटऱ्यांना आलेला ताठरपणा आणि ठणका त्यांना जोरकस व्यायामानंतरच्या भरलेपणासारखा वाटला. त्यातून त्यांनी स्वतःवरच प्रयोग सुरू केले. १९७३ मध्ये स्कीइंग करताना त्यांचा पाय जायबंदी झाला, तेव्हा त्या पायालाही त्यांनी पट्टे बांधले. पुढे ‘काआत्सु’ या नावाने ही पद्धत जपानभर गेली आणि प्रयोगशाळांत तिचा अभ्यास होऊ लागला.

ताकद वाढवण्याच्या कामी तिचा उपयोग आता बऱ्यापैकी सिद्ध आहे. एका वेळी जास्तीत जास्त जेवढे वजन उचलता येते, त्याच्या २० ते ३० टक्केच वजन घ्यायचे आणि ३०, १५, १५, १५ अशा आवर्तनांचे चार सेट करायचे, मध्ये साधारण अर्ध्या मिनिटाची विश्रांती. एवढ्या हलक्या वजनाला एरवी स्नायूतले छोटे, चिवट तंतू पुरेसे असतात. मोठे, वेगवान तंतू काम अवघड झाल्यावरच मदतीला येतात. पट्ट्यामुळे ऑक्सिजन कमी पडतो, आम्ल साचते, छोटे तंतू लवकर थकतात आणि मोठ्यांना लवकर कामाला लागावे लागते. गुडघ्याच्या अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झालेल्या खेळाडूला जड वजन उचलता येत नाही, त्याची मांडी वाळू लागते. त्याच्यासाठी ही पद्धत मोलाची आहे. पण हा फायदा आठवड्यांच्या सरावातून मिळतो. शर्यतीआधीच्या दहा मिनिटांत स्नायू वाढत नाहीत.

मग वॉर्म-अपमध्ये पट्टा काय करतो? आधी वॉर्म-अप कशासाठी असतो ते पाहायला हवे. स्नायू तापला की आकुंचन वेगाने होते, रक्तातला ऑक्सिजन स्नायूला सहज सुटतो आणि मज्जातंतूंचे संदेश लवकर पोचतात. हालचाल सुरू केल्यावर पहिल्या तीन ते पाच मिनिटांत स्नायूचे तापमान झपाट्याने चढते आणि दहा ते वीस मिनिटांत स्थिरावते. दुसरे काम स्नायूला ‘जागे’ करण्याचे. जड बैठका किंवा उड्या मारल्यानंतर काही मिनिटे स्नायू नेहमीपेक्षा जास्त जोर लावतो. मात्र त्याच हालचालींनी थकवाही येतो. त्यामुळे थकवा ओसरलेला आणि जोर अजून टिकलेला, अशा थोड्या मिनिटांचाच हा खेळ असतो.

पट्ट्याचे समर्थक नेमके इथेच बोट ठेवतात. जड वजन न उचलता मोठे तंतू जागे होत असतील, तर स्पर्धेच्या ठिकाणी बारबेलची गरज नाही आणि सांध्यांवर भारही नाही. विचार तर्काला धरून आहे. पट्टे बांधून लंजेस केल्यावर, काही मिनिटांच्या विश्रांतीनंतर उडी सुधारल्याचे प्रयोगांत दिसलेही आहे. इतर प्रयोगांत साध्या वॉर्म-अपपेक्षा वेगळे काही हाती लागले नाही. याचे कारण या यंत्रणेतच आहे. मोठ्या तंतूंना पाचारण होते ते छोटे तंतू थकल्यामुळे. म्हणजे ज्या थकव्याने लाभ होतो, तोच थकवा शर्यतीत नको असतो. पट्टा आवळलेला असताना स्नायूतला क्रिएटिन फॉस्फेटचा साठाही नीट भरून निघत नाही. पट्टा सोडल्यावर तो काही मिनिटांत भरतो. म्हणून पट्टा वापरायचाच, तर आवर्तने थोडी हवीत, जळजळ असह्य होण्याच्या कितीतरी आधी थांबायला हवे आणि नंतर पुरेसा वेळ मोकळा हवा.

याच्याशी गल्लत केली जाते ती इस्केमिक प्रीकंडिशनिंगची. त्यात स्वस्थ पडून किंवा बसून रक्तप्रवाह पूर्ण थांबवतात: पाच मिनिटे बंद, पाच मिनिटे सुरू, असे तीन-चार वेळा. १९८६ मध्ये कुत्र्यांच्या हृदयावरील प्रयोगात अशा छोट्या खंडांमुळे नंतरच्या मोठ्या खंडाने होणारी इजा बरीच कमी झाल्याचे आढळले होते. तिथून ही कल्पना खेळात आली. अव्वल जलतरणपटूंच्या एका अभ्यासात १०० मीटरची वेळ सरासरी ०.७ सेकंदाने सुधारली. ही सुधारणा मोठीच. पण काही प्रयोगांत नुसता सैल पट्टा बांधलेल्यांचीही कामगिरी सुधारली, तेव्हा विश्वासाचा भागही हिशेबात धरावा लागतो. शिवाय पूर्ण रक्तप्रवाह थांबवण्याचा नियम हालचालीसह चालणाऱ्या बीएफआरला लावणे चूक आणि धोक्याचे आहे.

खरी अडचण दाबाची आहे. योग्य दाब म्हणजे त्या व्यक्तीची धमनी पूर्ण बंद होण्यास लागणाऱ्या दाबाच्या ४० ते ८० टक्के. तो मांडीच्या घेरानुसार, पट्ट्याच्या रुंदीनुसार आणि रक्तदाबानुसार बदलतो. रुंद पट्ट्याला कमी दाब पुरतो, अरुंद पट्ट्याला बराच जास्त लागतो. डॉप्लरने किंवा स्वयंचलित उपकरणाने तो मोजता येतो. साध्या इलॅस्टिकच्या पट्टीला दाबाचा आकडाच नसतो. एका खेळाडूची पट्टी दुसऱ्याने तेवढीच आवळली, तर एकाला काहीच होत नाही आणि दुसऱ्याचा पाय बधिर होतो. स्पर्धेच्या धांदलीत, घाबरलेल्या सतरा वर्षांच्या मुलाने ती स्वतः आवळावी, हे कोणत्याही प्रशिक्षकाने चालवून घेऊ नये.

जपानमध्ये १२,६४२ व्यक्तींच्या २००६ मधील पाहणीत त्वचेखाली रक्त साकळण्याचे प्रमाण १३.१ टक्के, बधिरतेचे सुमारे १.३ टक्के, शिरेत गुठळी होण्याचे ०.०५५ टक्के आढळले. हे आकडे घाबरवणारे नाहीत, पण तिथे प्रशिक्षित माणसे पट्टे बांधत होती. पूर्वी गुठळी झालेल्यांनी, अनियंत्रित रक्तदाब असलेल्यांनी आणि गर्भवतींनी या वाटेला जाऊ नये. महाराष्ट्रात आणखी एका गोष्टीकडे लक्ष हवे, ती म्हणजे सिकलसेल. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या जिल्ह्यांत, विशेषतः आदिवासी समाजात, सिकलसेलचे रुग्ण आणि वाहक मोठ्या संख्येने आहेत, आणि याच भागांतून चांगले धावपटूही येतात. ऑक्सिजन कमी आणि आम्लता जास्त असली की त्यांच्या तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकारात वळतात, आणि पट्ट्याखालच्या स्नायूत नेमकी हीच स्थिती निर्माण होते. वाहकाला एरवी काही त्रास नसतो, त्यामुळे त्याला स्वतःला याची कल्पनाही नसू शकते. सोल्युबिलिटी ही साधी रक्तचाचणी आणि गरजेनुसार इलेक्ट्रोफोरेसिस केल्याशिवाय तिथल्या कोणत्याही क्रीडा प्रबोधिनीत हा पट्टा बांधला जाऊ नये.