दगडावरची अट आणि परदेशी फंड

नारायणगाव-मंचरकडे टोमॅटोचे, द्राक्षांचे पैसे हाती आले की अलीकडे घरात एक नवाच विषय निघतो. मुलगा दुबईला किंवा अमेरिकेत असतो. त्याच्या ओळखीतला कुणी ‘परदेशी फंडा’ची गोष्ट काढतो. कागद इंग्रजीत, पत्ता मॉरिशसचा. परतावा तेवढा अस्सल मराठीत समजावलेला!

परमुलखातल्या माणसांचा पैसा जुन्नरला नवा नाही. नाणेघाटाच्या वाटेवरच्या या गावी इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चित नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. लेण्यांतले लेख तसे सांगतात. बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींचेही उल्लेख इथे आहेत. नहपानाच्या अमात्याचा लेख मानमोडीत आहे, तर नहपानाचा जावई उषवदात याचा लेख नाशिकच्या लेण्यात. उषवदाताने विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३,००० कार्षापण ठेवले. २,००० वर दरमहा शेकडा एक व्याज, १,००० वर पाऊण. मुद्दल परत घ्यायचे नाही, भिक्षूंसाठी केवळ व्याज वापरायचे. हे सारे निगमसभेत ऐकवून रीतसर नोंदवले आणि मग दगडावर कोरले. रक्कम, ताबेदार, दर, उद्देश आणि नोंद यांतले काहीच झाकलेले नव्हते.

आजच्या कायद्याचा गाभा याहून वेगळा नाही. १९९२च्या कायद्याने सेबीला वैधानिक अधिकार मिळाले. गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीसाठी २०२०पासून स्वतंत्र प्राधिकरण आहे. निवासी भारतीयाला रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. मात्र परदेशी मालमत्ता प्राप्तिकर विवरणपत्रात दाखवावी लागते. करसवलतीच्या भरवशावर उभारलेली रचना कायमची नसते, हेही विसरू नये. १९८२च्या करारामुळे मॉरिशसमार्गे येणाऱ्या गुंतवणुकीला भांडवली नफ्यावरील भारतीय करातून सूट होती. २०१६च्या दुरुस्तीने १ एप्रिल २०१७पासून घेतलेल्या शेअर्सपुरती ती संपली.

असे फंड मुळातच वाईट असतात, असे नाही. परकी भांडवलाने उद्योग उभे राहतात. परंतु फंडाची कागदपत्रे तयार करणारा वकील फंडाचा असतो, तुमचा नव्हे. म्हणून सही करण्यापूर्वी आपल्या सल्लागाराची फी भरावी आणि साधे प्रश्न विचारावेत. नोंदणी कुठे आहे? पैसा प्रत्यक्ष कोणाच्या ताब्यात राहणार? तंटा झाला तर कोणत्या देशाचे न्यायालय? बाहेर कधी पडता येईल, किती कापून? नोंदणी क्रमांक नियामकाच्या यादीत स्वतः ताडून पाहावा. ओळखीच्या माणसाचा शब्द हा नोंदीला पर्याय नव्हे.

उषवदात राजाचा जावई होता. त्याच्या शब्दावर कोण शंका घेणार? तरीही त्याने अट सभेत वाचली आणि दगडावर कोरली. आपल्या घामाच्या पैशासाठी आपण निदान कागद तरी वाचून घ्यावा.