गाण्यातले अंतराळयान आणि कोयनेची वीज



वर्गात सापेक्षता सिद्धांत निघाला, की मी फळ्यावर सूत्र लिहितो, मुले ते उतरवून घेतात आणि तास संपतो. परवा तासानंतर एका विद्यार्थ्याने मला एक इंग्रजी गाणे ऐकायला लावले. 'क्वीन' या ब्रिटिश वाद्यवृंदाचे, 1975 सालचे. नाव नुसतेच '39'. "सर, हे तुमच्या त्या सूत्राचंच गाणं आहे," तो म्हणाला. रॉक संगीत म्हणजे गोंगाट असे मानणारा मी, नाखुशीनेच ऐकत बसलो.

गोष्ट अशी, की काही धाडसी लोक नव्या भूमीच्या शोधात अंतराळात निघतात. त्यांच्या हिशेबाने ते वर्षभरात परततात. पण इकडे पृथ्वीवर शंभर वर्षे उलटलेली असतात. हे गाणे लिहिणारा आणि गाणारा ब्रायन मे हा खगोलभौतिकीचा विद्यार्थी. सूर्यमालेतील धुळीवरचे संशोधन अर्धवट टाकून तो संगीतात आला आणि प्रबंध पुरा केला तो थेट 2007 मध्ये! (याच वाद्यवृंदाचा मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला होता, हे जाता जाता.)

आता वही काढा. यानाचा वेग भागिले प्रकाशवेग, याचा वर्ग 1 मधून वजा करा आणि वर्गमूळ घ्या. काळ शंभरपट मंदावायचा तर उत्तर एक शतांश यायला हवे. त्यासाठी वेग प्रकाशवेगाच्या 99.995 टक्के लागतो. ही निव्वळ कविकल्पना नव्हे. विश्वकिरणांमुळे वातावरणात दहा-पंधरा किलोमीटर उंचीवर म्यूऑन नावाचे कण जन्मतात. त्यांचे सरासरी आयुष्य 2.2 मायक्रोसेकंद. तेवढ्यात प्रकाशसुद्धा जेमतेम 660 मीटर जातो. तरीही पुष्कळ म्यूऑन जमिनीवर पोहोचतात, कारण आपल्या दृष्टीने त्यांचे घड्याळ मंद चालते.

गाण्यात हिशेब नाही तो इंधनाचा. एक किलोग्रॅम वस्तूला हा वेग द्यायला 9 वर अठरा शून्ये, इतके ज्यूल लागतात. आपला कोयना प्रकल्प पूर्ण क्षमतेने, म्हणजे 1960 मेगावॉटने, रात्रंदिवस चालवला तर एवढी ऊर्जा मिळायला सुमारे 144 वर्षे लागतील. म्हणजे प्रवासी परत आले तरी पहिल्या किलोचीही तयारी झालेली नसेल!

अशा गाण्यांनी मुलांच्या डोक्यात भलतेच विज्ञान भरते, असे माझे काही शिक्षकमित्र म्हणतात. मला ते पटत नाही. चूक असेल ती वरच्यासारखी आकडेमोड करून पकडता येते, आणि ती पकडताना मुले जे शिकतात ते पाठांतराने शिकत नाहीत. शिवाय मी इतकी वर्षे हे सूत्र शिकवले, पण परतलेल्या माणसाला दारात कोण भेटेल, हे एकदाही विचारले नाही. ते त्या गाण्याने विचारले.

कथांच्या बाबतीत मराठी मागे नाही. आमच्या कोल्हापुरात जन्मलेल्या डॉ. जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावाने पाठवली आणि पहिले पारितोषिक मिळवले. पुढे विज्ञानकथा आपल्याकडे रुजली. गाण्याचे तसे झाले नाही. 1969 मध्ये माणूस चंद्रावर उतरला, त्याच्या नऊच दिवस आधी डेव्हिड बोवीचे 'स्पेस ऑडिटी' इंग्लंडात निघाले होते. आपल्या गाण्यांतला चंद्र मात्र अजून निंबोणीच्या झाडामागे लपणारा मामाच आहे. मामा गोड आहे, पण त्याला आता सोबत हवी.

म्हणून त्या विद्यार्थ्याला मी मराठीत असे एक गाणे लिहायला सांगितले. त्याने ते मागे राहिलेल्या आईच्या तोंडी घातले आहे. एका कडव्यात यानाचा वेग प्रकाशाच्या 99 टक्के दिला होता. त्या वेगाने काळ सातपटच मंदावतो आणि आई जिवंत भेटते. आकडा बदलू की आई भेटू देऊ, असे तो मला विचारतो आहे.