रस्ता म्हणजे आपला गोठा नव्हे

मंडळी, आज जरा भांडायलाच बसले आहे. आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "आता रस्त्यावर गाडी लावायलाही पैसे घेणार म्हणे, लूट आहे नुसती!" असा निरोप आला आणि त्याखाली भराभर अंगठे उमटले. माझा अंगठा का उमटला नाही, ते इथे लिहिते.

आधी गणित. एका मोटारीला उभं राहायला अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. आपल्या भाषेत सुमारे १३५ चौरस फूट. लक्ष्मी रस्त्यावर एवढा गाळा भाड्याने घ्यायचा म्हटलं तर आपल्यापैकी कितीजण घेऊ शकतील? पण त्याच गाळ्यासमोर तेवढीच जागा गाडीला मात्र फुकट हवी! उद्या मी माझं गोदरेजचं कपाट रस्त्यावर नेऊन ठेवलं तर अतिक्रमणवाले तासाभरात उचलून नेतील. गजरेवालीची टोपलीसुद्धा त्यांना खुपते. कपाटाला चार चाकं लावली की तो एकदम आपला हक्क कसा होतो?

"आम्ही रोड टॅक्स भरतो" हे ठरलेलं उत्तर. अहो, तो वाहनावरचा कर आहे, जागेचं भाडं नव्हे. एसटीचं तिकीट काढलं म्हणून स्टँडवर बिछाना टाकून राहता येत नाही.

दुसरं उत्तर दुकानदारांचं: पैसे लावले तर गिऱ्हाईक येणार नाही. एकदा सकाळी साडेदहाला पेठेतल्या कुठल्याही रस्त्यावर उभं राहून बघा. दुकानं उघडतानाच निम्मी जागा मालकांच्या आणि नोकरांच्या गाड्यांनी अडते, ती रात्री मोकळी होते. गिऱ्हाईक बिचारं चार चकरा मारतं आणि कंटाळून मॉलमध्ये जातं. तासाला पैसे पडू लागले तर दिवसभर ठाण मांडणारा निघेल आणि तासाभरात साडी घेऊन जाणाऱ्याला जागा मिळेल. यात धंद्याचं नुकसान कुठलं?

कॅलिफोर्नियात पॅसाडेनाच्या जुन्या बाजारपेठेतल्या दुकानदारांनीही आधी हीच ओरड केली होती. मग मीटरचं उत्पन्न त्याच पेठेत खर्च करायचं ठरलं, १९९३ मध्ये मीटर बसले आणि त्या पैशातून पदपथ, दिवे, झाडं, झाडलोट झाली. ओस पडलेला बाजार पुन्हा गजबजला. प्रा. डोनाल्ड शूप यांनी २००५ साली फुकट पार्किंगच्या खऱ्या किमतीवर जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यात हे उदाहरण आहे. त्यांचं सांगणं साधं: भाव असा ठेवा की दर सात-आठ जागांमागे एखादी रिकामी सापडावी. तिकडे राहणारे आमचे भाचे-पुतणे मीटरचे पैसे मुकाट्याने भरतात आणि पुण्यात उतरले की म्हणतात, "मावशी, इथे कसले पैसे?"

तिसरं उत्तर: आधी बहुमजली वाहनतळ बांधा. मंडईजवळ बाबू गेनू वाहनतळ आहे, नारायण पेठेत हमालवाडा आहे. पण खाली रस्त्यावर फुकट मिळत असताना वर जाऊन पैसे कोण मोजणार? रस्ता फुकट आहे तोवर आणखी दहा मजले चढवले तरी हेच होणार.

चौथं उत्तर मात्र मला मान्य आहे. बस वेळेवर येत नाही, मग स्कूटर काढायची नाही तर काय करायचं? अगदी खरं. २९ सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रो मंडईपर्यंत आली, पण घरापासून स्टेशनापर्यंत कसं जायचं हा प्रश्न उरतोच. म्हणून तर म्हणते, पार्किंगचा पैसा महापालिकेच्या मोठ्या तिजोरीत बुडवू नका. तो वेगळा ठेवा आणि बस आणि पदपथांवरच खर्च करा. तो कंत्राटदाराच्या पावतीपुस्तकात गडप होणार असेल तर माझाही विरोधच आहे.

यात नवीन काही नाही. केंद्राच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातच लिहिलंय की पार्किंगचं शुल्क जागेच्या किमतीला साजेसं असावं. आपल्या महापालिकेने मार्च २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूरही केलं. लगेच आंदोलनं झाली, धोरण पाच रस्त्यांपुरतं आक्रसलं आणि पुढे कित्येक वर्षं बासनात पडून राहिलं. त्याच वर्षी शहरातल्या वाहनांची संख्या ३६ लाखांवर, म्हणजे माणसांपेक्षा जास्त झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. गाड्या थांबल्या नाहीत, धोरण तेवढं थांबलं.

फुकट म्हणजे कुणीच पैसे देत नाही असं नसतं. जो गाडी बाळगत नाही तो देतो. पदपथ अडला म्हणून रस्त्यावर उतरून चालणारी माझ्या वयाची बाई देते, दप्तर सांभाळत दोन गाड्यांच्या फटीतून निघणारं पोर देतं, गर्दीत अडकलेल्या बसमधले साठ जण देतात. त्यांना कुणी विचारलं होतं?

तेव्हा तुमच्या नगरसेवकाला "पार्किंग फुकट ठेवा" असं सांगू नका. "पैसे घ्या, पण त्याचा हिशेब दर महिन्याला चौकात लावा," असं सांगा. पटत नसेल तर खाली जरूर लिहा. भांडायला मी मोकळीच आहे!