आधी वजनकाटा, मग समीकरण

शाळा सुरू झाल्या आहेत. आठवी-नववीच्या वर्गांत येत्या काही आठवड्यांत रसायनशास्त्राची पहिली पाने उघडतील. बहुतेक ठिकाणी क्रम ठरून गेलेला असतो. आधी मूलद्रव्यांच्या संज्ञा पाठ करायच्या, मग संयुजा, मग संयुजांची अदलाबदल करून रेणुसूत्र आणि शेवटी समीकरणाचे संतुलन. दिवाळीपर्यंत बरीच मुले समीकरणे बिनचूक सोडवू लागतात आणि आपणही निर्धास्त होतो. त्याच मुलांना एकदा विचारून पाहा: लोखंडाचा खिळा गंजला आणि गंज त्यावरच राहिला, तर वजन वाढेल की घटेल? ‘घटेल’ म्हणणारे बरेच हात वर होतील. गंजताना हवेतला ऑक्सिजन लोखंडाशी जोडला गेला, हे त्यांनी समीकरणात लिहिलेले असते, पण ते वजनाशी जोडून पाहायची वेळ त्यांच्यावर कधी आलेली नसते.

यात मुलांचा दोष नाही. ग्लासगो विद्यापीठातील ॲलेक्स जॉन्स्टन यांनी १९८२ मध्ये आणि पुढे १९९१ मध्ये ही अडचण नेमकी मांडली. रसायनशास्त्र तीन पातळ्यांवर चालते: डोळ्यांना दिसणारा पदार्थ, न दिसणारे अणू-रेणू आणि कागदावरच्या संज्ञा. आपण शिक्षक एकाच वाक्यात या तिन्हींवर सहज ये-जा करतो. नवख्या विद्यार्थ्याला ते एकदम झेपत नाही. मग तो त्यातली पाठ करता येणारी पातळी, म्हणजे संज्ञा, तेवढी धरतो आणि बाकीच्या दोन सोडून देतो.

म्हणून आमचे म्हणणे असे की पहिले दोन-तीन आठवडे संज्ञा बाजूला ठेवाव्यात आणि वजनकाटा टेबलावर आणावा. ही वाट नवी नाही. लाव्हाझिए यांचा रसायनशास्त्राचा प्राथमिक ग्रंथ १७८९ मध्ये पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. ज्ञाताकडून अज्ञाताकडे जायचे, हा दंडक त्यांनी प्रस्तावनेतच सांगितला आहे. द्रव्य नव्याने निर्माण होत नाही, हे तत्त्व त्यांनी त्यात मांडले तेही द्राक्षरसाच्या किण्वनाच्या प्रकरणात, साखर, मद्यार्क आणि वायू यांच्या वजनांचा हिशेब मांडताना. आज आपण द्रव्य अक्षय्यतेचा नियम व्याख्या म्हणून लिहून देतो आणि त्यामागचा तो हिशेब मात्र गाळतो.

वर्गात करायचा साधा प्रयोग पाहू. प्लास्टिकच्या उंच पेल्यात १०० मिलिलिटर व्हिनेगर घ्या. कागदावर ४.२ ग्रॅम खाण्याचा सोडा मोजा. पेला, व्हिनेगर, कागद आणि सोडा यांचे एकत्रित वजन फळ्यावर लिहा. सोडा चिमटी-चिमटीने टाका, थेंब बाहेर उडू देऊ नका. फसफस थांबल्यावर रिकाम्या कागदासह पुन्हा वजन करा. ते सुमारे दोन ग्रॅमने उतरलेले दिसेल. ४.२ हा आकडा मुद्दाम निवडला आहे. ८४ ग्रॅम सोड्यातून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो, म्हणजे ४.२ मधून २.२. थोडा वायू द्रावणातच विरघळून राहतो, म्हणून प्रत्यक्षातला आकडा किंचित कमी येतो.

आता प्रश्न येतो, गेलेले दोन ग्रॅम कुठे गेले? इथे बहुतेक जण तोंडाला फुगा लावून प्रयोग पुन्हा करतात. फुगा फुगतो, मुले टाळ्या वाजवतात, पण काटा तरीही कमी वजन दाखवतो आणि शिक्षक ‘गळती झाली असेल’ म्हणून विषय गुंडाळतात. गळती झालेलीच असते असे नाही. ४.२ ग्रॅम सोड्यातून निघालेला वायू सव्वा लिटरच्या आसपास जागा व्यापतो. फुग्याने तेवढी हवा बाजूला सारली की त्या हवेच्या वजनाइतका, म्हणजे सुमारे दीड ग्रॅमचा, वरचा रेटा त्याला मिळतो. आर्किमिडीजचे तत्त्व पाण्याइतकेच हवेलाही लागू आहे.

यावर उपाय म्हणजे आकारमान न बदलणारे भांडे. शीतपेयाची एक लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या. त्यात ५० मिलिलिटर व्हिनेगर आणि टिश्यू पेपरात गुंडाळलेला फक्त एक ग्रॅम सोडा टाकून झाकण लगेच घट्ट लावा. काचेची बाटली कदापि वापरू नका आणि सोडा वाढवू नका. फसफस होण्यापूर्वीचे आणि नंतरचे वजन सारखे भरते. मग झाकण सैल करा: सुस्कारा ऐकू येतो आणि आकडा काही दशांश ग्रॅमने खाली येतो. वायूलाही वजन असते, हे वेगळे सांगावे लागत नाही. यानंतर समीकरण लिहिले, तर त्याच्या दोन्ही बाजू सारख्या का असाव्या लागतात हे मुलांनी आधीच पाहिलेले असते.

अभ्यासक्रम पुरा होत नाही, ही अडचण खरी आहे. पण सुरुवातीला दिलेले चार तास पुढे रेणुवस्तुमान आणि मोल शिकवताना वसूल होतात. प्रयोगशाळा नाही, हीसुद्धा खरी अडचण आहे. पण वरच्या प्रयोगांना ती लागत नाही. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशात मावणारा काटा काही शे रुपयांत मिळतो आणि एका शाळेला एक पुरतो.

नवख्यांना शिकवणे हे दुय्यम काम आहे, असा समजही सोडायला हवा. मेंडेलीव्ह यांना १८६९ मध्ये आवर्तसारणी सुचली ती विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहिताना, मूलद्रव्ये कोणत्या क्रमाने मांडावीत या विवंचनेतून. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी मर्क्युरस नायट्राइटच्या संशोधनाने नाव मिळवले, तरी कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात खालच्या वर्गांना शिकवणे त्यांनी आवडीने स्वतःकडे घेतले.

वाचक शिक्षकांना विनंती आहे की, या महिन्यात संज्ञांच्या तक्त्याआधी हे दोन प्रयोग वर्गात करा आणि वजने मुलांकडूनच करून घ्या. मिळालेले आकडे जसेच्या तसे आमच्याकडे पाठवा. ज्यांचे आकडे जुळले नाहीत त्यांनी तर आवर्जून पाठवावेत. ते का जुळले नाहीत, याची चर्चा पुढील अंकात करू.