एका गाडीवाल्यानं कॅम कुठला टाकायचा?

गेल्या महिनाभरात तीन जणांनी मला एकच प्रश्न विचारला. तिघंही एकाच गाडीचे मालक, स्वतःच ड्रायव्हर. तिघांच्याही गाड्या जुन्या ४०७, आणि तिघांनाही द्राक्षाचा हंगाम सुरू व्हायच्या आत गाडी रस्त्यावर पाहिजे. प्रश्न असा : जुन्या बाजारातून इंजिन आणलंय, बजेट संपत आलंय, आता कॅमशाफ्ट कुठला टाकू?

मी पत्रकार, मिस्त्री नव्हे. पण बातम्यांच्या निमित्तानं गॅरेजच्या बाकड्यावर वीस वर्षं चहा पितोय, त्यामुळे थोडंफार कळतं. आणि हा प्रश्न फक्त गॅरेजपुरता नाही, म्हणून इथं लिहितोय.

क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक फेरा होतो. कॅमवरचे उंचवटे टॅपेट उचलतात, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला आणि रॉकर व्हॉल्व्हला ढकलतो. इंजिननं श्वास कधी घ्यायचा, कधी सोडायचा, हे सगळं त्या एका दांड्यावर ठरतं. एक उंचवटा झिजून सपाट झाला की तो सिलिंडर अर्धमेला. गाडी ओढत नाही, धूर टाकते, डिझेल पिते. वर झिजलेल्या लोखंडाचा बुरा ऑइलमधून थेट बेअरिंगमध्ये. म्हणजे कॅमवर वाचवलेले पैसे क्रँकवर जातात.

हल्ली पोरं मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघतात. तिकडे जुन्या पिकअपमध्ये भंगारातलं पेट्रोल व्ही-८ बसवतात आणि जास्त लिफ्टचा कॅम टाकून ताकद वाढवतात. तो शौक त्यांना लखलाभ. तसला कॅम वरच्या आरपीएमला ताकद देतो आणि खालची काढून घेतो. आपली गाडी तीन टन माल घेऊन घाट चढणार, तिला ताकद खालीच पाहिजे. शिवाय डिझेल इंजिनात पिस्टन हेडच्या अगदी जवळ येतो. व्हॉल्व्ह जरा जास्त उघडा राहिला तर थेट पिस्टनवर आदळतो. तेव्हा "पॉवरवाला कॅम आहे, टाकून बघ" असं कोणी म्हटलं तर चहा प्या आणि घरी या.

राहिले चार पर्याय : कंपनीचा नवा, नाव नसलेला नवा, ग्राइंड केलेला जुना आणि इंजिनाबरोबर आलेला.

माझं मत विचाराल तर आधी इंजिनातला बघा. मायक्रोमीटर लावून सगळ्या इनलेटचे उंचवटे एकमेकांशी आणि एक्झॉस्टचे एकमेकांशी ताडून घ्या. माप कंपनीच्या मर्यादेत आणि पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर तोच ठेवा. फक्त टॅपेट ज्या जागेवरून निघाले त्याच जागी परत बसले पाहिजेत, कारण इतक्या वर्षांत त्यांची त्या उंचवट्याशी गट्टी झालेली असते. जुन्या बाजारात इंजिन खोलताना सगळे टॅपेट एकाच बादलीत टाकतात, घोळ तिथंच होतो. तसं झालं असेल तर टॅपेटचा नवा सेट घ्या. आणि नव्या कॅमवर जुने टॅपेट कधीच नको. हजार-दोन हजार वाचवायला गेलेला माणूस पुन्हा इंजिन उतरवतो.

ग्राइंडिंग वाईट नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात वगैरे चांगली कामं होतात. पण घासताना वरचा कडक थर गेला आणि पुन्हा हार्डनिंग केलं नाही, तर तो कॅम दिसायला नवा आणि आतून खडू. हार्डनिंग केलंय हे पावतीवर लिहून मागा. लिहून द्यायला का-कू केली की काय ते समजा.

इंजिन घेतानाच एक गोष्ट बघायची असते. ४९७ म्हणजे चार सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर. पण या नावाखाली २९५६ सीसीचंही इंजिन आहे आणि ३७८३ सीसीचंही. "४९७ चा कॅम द्या" एवढं सांगून भागत नाही. इंजिनावरचा नंबर लिहून न्या आणि पार्ट नंबर जुळवून घ्या.

आता बिलाचं. दुकानदार म्हणतो, बिल कशाला, १८ टक्के जीएसटी वाचेल. खोकं ओळखीच्या कंपनीचं, आतला माल कुणाचा ते देव जाणे. खोटा ट्रेडमार्क लावणं हा १९९९ च्या कायद्यानं गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद होऊ शकते. पण बिलच नसेल तर तक्रार कुठल्या दुकानाची करणार? अनेकांना वाटतं गाडी धंद्याची, म्हणून ग्राहक कायदा आपल्याला नाही. चूक. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट लिहिलंय की स्वयंरोजगारातून केवळ स्वतःचं पोट भरण्यासाठी वस्तू घेतली तर तो व्यापारी वापर धरायचा नाही. एका गाडीचा मालक-ड्रायव्हर यात बसतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फीसुद्धा नाही. वाचवलेले १८ टक्के म्हणजे हा हक्क विकून आलेले पैसे आहेत.

आणि मला खरा राग येतो तो पुढच्या गोष्टीचा.

इंजिन बदललं की आरसीवरचा इंजिन नंबर बदलतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरटीओची मंजुरी घ्या, बदल केल्यावर १४ दिवसांत कळवा. ठीक आहे, चोरीच्या इंजिनांना आळा बसायलाच हवा. पण त्याच कलमात पुढे अशी तरतूद आहे की ज्याच्याकडे किमान दहा वाहतुकीच्या गाड्या आहेत, त्याला त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन आरटीओच्या मंजुरीशिवाय बसवायची मुभा राज्य सरकार अटी घालून देऊ शकतं.

दहा गाड्यांवाल्याची एक गाडी उभी राहिली तर उरलेल्या नऊ कमावतात. एका गाडीवाल्याची एक उभी राहिली म्हणजे घर उभं राहिलं. मुभेची गरज कुणाला जास्त? इथं हप्ता थांबत नाही, बागायतदार थांबत नाही, वाशीला माल पहाटे पोचावा लागतो. मग माणूस एजंट गाठतो, नाहीतर नंबर न बदलता तशीच गाडी पळवतो. अपघात झाला आणि विम्यावाल्यानं इंजिन नंबर ताडून बघितला की क्लेमवरून भांडण सुरू.

एकाच गाडीच्या मालकाला आधी मंजुरीची अट नको. त्याच प्रकारचं इंजिन असेल, खरेदीचं पक्कं बिल असेल, तर बसवून नंतर १४ दिवसांत गाडी दाखवायची. आणि ती तपासणी तालुक्याला आरटीओचा कॅम्प लागतो त्याच दिवशी व्हावी, जिल्ह्याला हेलपाटा नको. कायद्यात बदल दिल्लीत होईल तेव्हा होईल, कॅम्पचं काम इथल्या इथं होण्यासारखं आहे. आमदारसाहेबांना आणि आरटीओ कार्यालयाला या आशयाचं निवेदन तयार करतोय. ज्यांनी गेल्या दोन-तीन वर्षांत इंजिन बदललंय त्यांनी मंजुरीला किती दिवस आणि किती हेलपाटे लागले, ते मेसेजमध्ये कळवा. नाव छापणार नाही. गाडीचा नंबरही नको.